‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं कुणी म्हटलं तर

ताई, मिस्टरांचा कॅन्सर दोन वर्षांनी उलटलाय. परळला पुन्हा केमो सुरू आहे. माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाचे (नऊ आठवड्यांच्या प्रार्थनेचे) नऊ बुधवार केले, घरी प्रार्थना सभाही ठेवली. सभेतल्या एक काकू म्हणाल्या, “तुमचा विश्वास कमी पडला. आता रिपोर्टचं नाव काढू नका, ‘बरा झालो’ असंच म्हणत राहा.” रात्री मिस्टर विचारतात, “मी वाचेन ना?” मी हो म्हणते. ही आशा की खोटं बोलणं?
– एक वाचक, मरोळ

काकूंच्या डोक्यात बहुधा बायबलमधलं मत्तय 17:20 असणार, मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाचं वचन. त्याच्या आधीच्या ओळी वाचा. एक बाप फेफरं येणाऱ्या मुलाला शिष्यांकडे आणतो आणि त्यांना काही तो बरा करता येत नाही. येशू विश्वास कमी असल्याचं बोलतो ते त्या शिष्यांना, म्हणजे बरं करायला निघालेल्यांना. मुलाला नाही, बापालाही नाही. मार्क 9 मध्ये तर तो बाप येशूच्या तोंडावर म्हणतो, ‘काही जमत असेल तर करा’, आणि मग, माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाला हात द्या. अशा डळमळीत माणसाचा मुलगा बरा झाला. तेव्हा वचनाचं बोट कुणाकडे असेलच, तर ते सभेकडे आहे. (काकूंना हे ऐकवायलाच हवं असं नाही.)

प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचा सततचा त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिला. त्याचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणत नाही. दानिएलाच्या पुस्तकातले तिघे तरुण, राजाच्या मूर्तीपुढे वाका नाहीतर आगीत टाकू अशी धमकी मिळाल्यावर, भट्टीसमोर म्हणतात, आमचा देव सोडवू शकतो. आणि नाही सोडवलं, तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. विश्वास त्या ‘तरी’त आहे. नऊ बुधवार हे देवाला दिलेलं बिल नव्हे, त्यामुळे ते फुकट गेले असंही धरू नका.

आता रात्रीचा प्रश्न. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर टांगलेली आहे, पुढच्या स्कॅनवर नाही. डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही ते तुम्ही ‘हो’ म्हणून सांगता, आणि मिस्टरांना ते कळतं. एक दिवस ते विचारणं बंद करतील आणि भीती एकट्याने सोसतील. त्यापेक्षा म्हणा, “मला माहीत नाही. घाबरलायत का? मी इथेच आहे. उद्या डॉक्टरांना दोघं मिळून विचारू.” आणि मग गप्प बसा. हात धरा.

प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र 13 घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत ‘कुठवर?’ चार वेळा येतं, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच क्रमाने वहीत आपलं लिहा: चार तक्रारी, एक मागणं, मग एक ओळ भरवशाची. ती शेवटची ओळ येत नसेल तर ओढूनताणून लिहू नका. स्तोत्र 88 काळोखावरच संपतं आणि तरी ते बायबलमध्ये आहे.

औषधाबद्दल मात्र तडजोड नको. बायबलमधल्या हिज्किया राजाला यशया संदेष्ट्याने 15 वर्षांचं आयुष्य वाढल्याचं सांगितलं, आणि त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायलाही सांगितलं. सभेसाठी केमोची तारीख हलवू नका. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा सर्दी-खोकल्याची माणसं असलेली भरलेली खोली किंवा माहीमची गर्दी टाळा. नेमके दिवस डॉक्टर सांगतील. ताप 100.4 किंवा वर गेला तर आधी हॉस्पिटल, प्रार्थना टॅक्सीत. ‘बीज पेरा, म्हणजे बरे व्हाल’ म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका.

फादरांना मात्र आत्ताच बोलवा. आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना तेल लावण्याचा संस्कार फक्त मरणाच्या दारात घ्यायचा नसतो. गंभीर आजारात घेता येतो, प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही. लोक शेवटच्या तासाला बोलावतात, म्हणून फादर दारात दिसले की आजारी माणसाचा धीरच सुटतो. मिस्टरांना आधी सांगा, त्यांची इच्छा विचारा.

आणि काकूंना काम द्या. केमोला कित्येकदा अख्खा दिवस जातो. “दुपारचा डबा परळला पोचवाल का?” असं सरळ विचारा.