ऑर्गनवरची रचना ऑर्केस्ट्रात रोडावते का?

प्रश्न : मी वसईत बारावी सायन्सला आहे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, थिअरीची पाचवी ग्रेड झाली आहे. अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्हज यांची ‘व्हेरिएशन्स ऑन अमेरिका’ ही ऑर्गनची रचना मी ऑर्केस्ट्रासाठी लिहिली. उजवा हात व्हायोलिनना, डावा व्हायोला-चेलोंना, पेडल (पायाने वाजवायच्या पट्ट्या) डबल बासला. स्वर सगळे बरोबर आहेत, तरी संगणकावर ऐकताना ती रोडावलेली वाटते, मधेच बास गायब होतो. मला अरेंजर (रचना वेगवेगळ्या वाद्यांसाठी मांडून लिहिणारा) व्हायचं आहे, बाबा इंजिनिअरिंगचा आग्रह धरतात. काय करू?

उत्तर : रचना फार चांगली निवडलीस. आइव्हज यांनी ती 1891-92 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी लिहिली, ती छापली गेली 1949 मध्ये. विल्यम शुमन यांनी 1963 मध्ये तिचं ऑर्केस्ट्रेशन (ऑर्केस्ट्रासाठी मांडणी) केलं आणि त्यावरून पुढे विल्यम ऱ्होड्स यांनी बँडसाठी मांडणी केली. तीन स्कोअर (लिहिलेलं संपूर्ण संगीत) शेजारी ठेवून एकेक बार (मात्रांचा गट) ताडून पाहता येईल, अशी सोय फार थोड्या रचनांत मिळते.

तुझी चूक स्वरांत नाही. तू कागदावरचं उतरवलंस, स्टॉप, म्हणजे कोणत्या नळ्या वाजतील ते ठरवणाऱ्या खुंट्या, उतरवायचे राहिले. चर्चमधल्या ऑर्गनवर आठ फुटांचा एकच स्टॉप ओढ (फूट म्हणजे नळीची लांबी, ती निम्मी झाली की स्वर एक सप्तक वर जातो) आणि मधला सी दाब. मग चार फुटांचा ओढ, मग दोन फुटांचा. पट्टी एकच दाबलेली आहे, पण आता तीन सप्तकांतले सी वाजताहेत. कागदावर मात्र टिंब एकच. ते टिंब तू एका व्हायोलिनच्या ओळीला दिलंस, म्हणून वरची दोन सप्तकं गळाली. मूळ धून चौदाच बारची आहे, तिच्यावरच प्रयोग कर. चाल लिहिल्या उंचीवर दुसऱ्या व्हायोलिनना दे, एक सप्तक वर पहिल्यांना, त्याहून वर पिकोलोला (छोट्या, उंच स्वराच्या बासरीला). मधले स्वर मात्र असे सप्तकांत वाढवू नकोस, गिचमिड होते. डाव्या हातातली खालची जवळजवळची थर्डसुद्धा (सा-ग यांसारखी स्वरजोडी) मोकळी करून लिही. ऑर्गनवर वरचे स्टॉप ती स्पष्ट ठेवतात, चेलोंवर ती नुसती घुमते.

बास गायब होण्याचं कारण साधं आहे. पेडलचा सर्वांत डावीकडचा सी सोळा फुटांच्या स्टॉपवर चेलोच्या मोकळ्या सी तारेच्या एक सप्तक खाली वाजतो. चार तारांच्या डबल बासची खालची तार ई, म्हणजे त्याहून मेजर थर्ड वर. रचनेची की (मूळ स्वरपट्टी) एफ मेजर आहे, तिच्यातला खालचा एफ त्याला जेमतेम मिळतो, खालचा सी मिळतच नाही. तिथे पाच तारांचा बास किंवा काँट्राबसून, ट्युबा यांसारखं खालच्या स्वरांचं फुंकवाद्य हवं. यांपैकी काहीच नसेल तर सगळी ओळ एक सप्तक वर ने. तेवढाच सी वर नेलास तर ओळीची चाल मोडते.

श्वासाचंही बघ. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबून ठेवली तोवर चालतो. ट्युबावाल्याची हवा खालच्या जोरकस स्वरात भराभर संपते. लांबलेला पेडलस्वर दोन बसूनमध्ये वाटून दे, पहिला थांबण्याआधी एक बीट दुसरा सुरू झालेला असावा.

या रचनेत दोन छोटे इंटरल्यूड (मधले जोडतुकडे) आहेत, त्यांत दोन वेगळ्या की एकाच वेळी चालतात. पहिल्यात एफ मेजर आणि डी फ्लॅट मेजर. ऑर्गनवर दोन हात दोन मॅन्युअलवर (हाताच्या पट्ट्यांच्या ओळींवर) वेगळ्या स्टॉपांनी वाजवले की कानाला दोन्ही सुटे कळतात. ऑर्केस्ट्रातही एक की ब्रासला (पितळी फुंकवाद्यांना), दुसरी तंतुवाद्यांना, असं काहीतरी करावंच लागेल. दोन्ही व्हायोलिनमध्ये कोंबल्या तर ऐकणाऱ्याला वाटेल, कुणीतरी चुकतंय. आणि संगणकाच्या आवाजावर विसंबू नकोस. खालच्या सप्तकातली बासरी तिथे ट्रम्पेटवरही ऐकू येते, मंचावर येत नाही.

आता करिअर. निव्वळ ऑर्गनवादनावर भारतात घर चालणं अवघड आहे, ते बाबांना स्पष्ट सांग. अरेंजिंगचं काम मात्र आहे : सिनेमा, जाहिराती, स्टेज शो, कॉयर. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा या गोव्याच्या मंडळींनी मुंबईत याच कसबावर नाव मिळवलं. आज बरंचसं संगीत सॅम्पलवर (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या सुट्या स्वरांवर) बनतं आणि वर थोडी खरी तंतुवाद्यं चढवतात, त्यामुळे सॉफ्टवेअर आणि स्टाफ नोटेशन दोन्ही पक्कं हवं. इंजिनिअरिंग घेतलंस तरी सहावी ते आठवी थिअरी सोबत पूर्ण कर. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम ऐकायला जा, शक्यतो स्कोअर आधी वाचून. पदवीच्या शेवटी हाताशी दोन-तीन स्कोअर आणि निदान एकाचं माणसांनी वाजवलेलं रेकॉर्डिंग असेल, तर बाबांशी पुढचं बोलणं वेगळं होईल.

तुझं रूपांतर अभ्यासासाठी ठीक आहे. जाहीर वाजवण्याआधी किंवा नेटवर टाकण्याआधी प्रकाशकाची लेखी परवानगी घे. शुमन 1992 मध्ये वारले, त्यांच्या ऑर्केस्ट्रेशनवर भारतातही अजून हक्क आहे, तेव्हा त्यातलं काही उचलू नकोस.

या महिन्यात ते चौदा बार नव्याने लिही आणि पार्ट (प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद) काढ. काही वाद्यांत लिहिलेला स्वर आणि वाजणारा स्वर वेगळा असतो, म्हणून बी फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट जी मेजरमध्ये येईल, एफ हॉर्नचा सी मेजरमध्ये. इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून प्रत्येक पार्ट स्वतः गाऊन तपास. मग ओळखीतल्या चार-पाच वादकांपुढे ठेव. ते जिथे अडखळतील तिथे पेन्सिलने खूण कर आणि तेवढंच परत लिही.