एसओपी विकत घेऊ का, असं विचारणाऱ्या नाशिककराला

"ताई, कन्सल्टन्सीवाले एसओपी लिहून देतायत, घेऊ का?" असं परदेशातल्या मास्टर्सच्या अर्जासोबत द्यायच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजबद्दल (आपल्याला हे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) विचारलंस आणि सोबत त्यांचा नमुनाही पाठवलास. नको घेऊस. पैशांसाठी म्हणत नाही, पण तो नमुना माझ्या ओळखीचा आहे. मी अर्ज केले त्या पहिल्या वर्षी माझ्याही एसओपीची सुरुवात 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण' अशीच होती, नाशकातल्याच एका ऑफिसात तयार झालेली. सहा अर्ज, सहा नकार. पुढे कळलं, वर्गातल्या एकीचीही सुरुवात तीच होती, फक्त यंत्रांच्या जागी संगणक.

आता तुझ्याच मेसेजच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या ओळी परत वाच. पिंपळगावला मामांच्या पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगला (काढणीनंतर माल झटपट गार करायला) लावलेल्या द्राक्षांच्या पेट्यांपैकी दाराजवळच्या उशिरा गार व्हायच्या, तू थप्पी लावायची पद्धत बदललीस आणि फरक पडला. अरे, एसओपी तिथंच आहे की! काढणीनंतर माल लवकरात लवकर शून्य अंशाच्या आसपास आणला नाही तर देठ सुकतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इकडच्या प्राध्यापकाला ते एका वाक्यात सांग. मग तो हीट ट्रान्सफरवाला, म्हणजे उष्णता कशी वाहते याचा अभ्यास करणारा, असेल तर पुढचं स्वतःच विचारेल: हवा पेट्यांच्या भोकांतून जात होती की बाजूनं निसटत होती? तापमान खोलीचं मोजलंस की मण्याच्या आतलं? किती तास वाचले? याची उत्तरं लिही. जे कळलं नाही तेही लिही. थप्पी बदलूनही मधल्या काही पेट्या गरमच का राहिल्या, हे तुला अजून सांगता येत नाही ना? मास्टर्स कशाला करायचंय, याचं उत्तर तिथून निघतं.

प्राध्यापकांची नावं वेबसाइटवरून उचलून ओळीनं मांडू नकोस. दोघांचा एकेक पेपर खरोखर वाच आणि त्यातलं काय तुझ्या थप्पीला लागू पडतं ते लिही. ते सध्या विद्यार्थी घेतायत का, हेही बघून घे.

दुसऱ्या वर्षाच्या केटीबद्दल, म्हणजे राहिलेल्या विषयाबद्दल, एक वाक्य बास. घरची अडचण, पेपर तपासणारे, विद्यापीठ, हे पुराण नको.

प्रत्येक विद्यापीठाचा प्रश्न नीट वाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, डेव्हिससारख्या कॅम्पसना स्टेटमेंट ऑफ पर्पजशिवाय पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट वेगळं लागतं. मामांकडं सुट्ट्यांत पेट्या भरल्यास, घरात इंजिनिअर होणारा तू पहिलाच, हे तिथं जाईल. एकच मजकूर दोन्हीकडं चिकटवलास तर वाया गेलं.

फॉल इनटेकच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या प्रवेशाच्या, अर्जाच्या बऱ्याच शेवटच्या तारखा आधीच्या डिसेंबरात असतात, तेव्हा शिफारसपत्रांसाठी सरांना दिवाळीआधीच गाठ. "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणतील. हसून नाही म्हण, त्याऐवजी तुझ्या प्रोजेक्टचं एक पान हातात दे. पत्र त्यांनाच लिंकवरून अपलोड करायचं असतं आणि तिघांची पत्रं एकाच भाषेत आली की वाचणाऱ्याला वास येतो.

पहिला परिच्छेद शेवटी लिही, आधी मधलं थप्पीचं. मामा तापमानाची नोंद वहीत ठेवायचे म्हणालास ना? या रविवारी पिंपळगावला जा आणि ती वही रद्दीत जायच्या आधी ताब्यात घे.