वाचकांचे प्रश्न : दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि खोल समुद्र

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त साउदॅम्प्टनला असतो. तेथील एका क्लबच्या शिडाच्या नौकेवर पुढच्या फास्टनेट या खोल समुद्रातील शर्यतीसाठी खलाशी म्हणून त्याची निवड झाली असून, त्याआधी त्याला दोन दिवसांचे सुरक्षा प्रशिक्षण घ्यायचे आहे. तो लहानपणापासून उत्तम पोहतो, तरीही माझ्या जिवाला घोर लागला आहे. एवढ्या प्रशिक्षणात काय शिकवतात, आणि तेवढे पुरते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु पोहण्यावरचा भरवसा आधी बाजूला ठेवावा लागेल. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्राचे पाणी ऐन उन्हाळ्यातही साधारण 15 ते 17 अंश सेल्सिअस असते. अशा पाण्यात अचानक पडलेल्या माणसाला पहिली एक-दोन मिनिटे श्वास आवरत नाही, धाप लागते, आणि नेमकी त्याच वेळी तोंडावर लाट आली तर पाणी छातीत जाते. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हातापायांतले बळ ओसरते आणि पट्टीचा पोहणाराही निकामी होतो. शरीर धोकादायक पातळीपर्यंत गारठण्यास त्याहून बराच अधिक वेळ लागतो. तोवर जिवंत राहायचे ते लाइफजॅकेटच्या आधाराने.

प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणूनच जलतरण तलावात होतो. बूट आणि जाड कपड्यांसह पाण्यात उतरल्यावर लाइफजॅकेट फुगते, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा ज्याने बांधलेला नसतो त्याचे जॅकेट थेट कानांपर्यंत सरकते, हे तेथे प्रत्येकाला स्वतःच्या अंगावर कळते. उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे हवेने फुगणारा बचावाचा तराफा, सरळ करण्याचा सरावही होतो : गॅसच्या नळकांड्याची बाजू वाऱ्याच्या आडोशाला आणायची, नळकांड्यावर पाय रोवून तळाचा पट्टा धरायचा आणि वाऱ्याकडे तोंड करून सगळे वजन मागे झोकून द्यायचे. राफ्ट अंगावरच येऊन पडतो, आणि त्याच्याखालून न घाबरता बाहेर निघणे वाचून शिकता येत नाही. संकटज्योती, रेडिओवरील मदत मागण्याची 16 क्रमांकाची वाहिनी, प्रथमोपचार हेही विषय असतात.

वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार अशा शर्यतीत किमान 30 टक्के खलाशांनी, आणि स्किपर, म्हणजे नौकेचा प्रमुख, धरून निदान दोघांनी, गेल्या पाच वर्षांत हे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. माझ्या मते ही अट फारच सौम्य आहे. प्रशिक्षित माणूसच पाण्यात पडला तर उरलेल्यांनी काय करावे?

आता पुरते का, याविषयी. 1979 च्या ऑगस्टमध्ये याच शर्यतीत 303 नौका वादळात सापडल्या आणि शर्यतीतील 15 जणांचा मृत्यू झाला. खलाशांनी 24 नौका सोडून दिल्या होत्या, त्यांपैकी बुडाल्या केवळ पाच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. लाइफराफ्टमध्ये गेलेल्यांपैकी काही मात्र परतले नाहीत. तेव्हापासून खलाशी एक नियम पाळत आले आहेत : राफ्टमध्ये वर चढून जावे लागेल इतकी नौका खाली गेल्याखेरीज ती सोडायची नाही. आपल्याकडील नौकानयनपटू अभिलाष टॉमी यांचे उदाहरणही बोलके आहे. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरात त्यांची ‘थुरिया’ ही गोव्यात बांधलेली नौका उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली; तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज पोहोचेपर्यंत ते नौकेतच पडून होते.

त्यामुळे खरी तयारी नौकेवर टिकून राहण्याची आहे, आणि ती दोन दिवसांत होत नाही. टेदर, म्हणजे खलाशाला नौकेशी जखडणारा दोर, कधी अडकवायचा हे चिरंजीवांनी स्किपरला स्पष्ट विचारावे. रात्री डेकवर पाऊल टाकण्यापूर्वीच तो अडकवण्याची शिस्त ज्या नौकेवर नाही, तिच्यावर जाऊ नये, असे मी निःसंकोच सांगेन. पाण्यात पडलेला, भिजून जड झालेला गडी दोघांना हातांनी ओढून वर घेता येत नाही. शीड चढवण्याचा दोर आणि विंच, म्हणजे दोर ओढण्याची फिरकी, वापरून त्याला उचलण्याचा सराव याच सहकाऱ्यांसह, याच नौकेवर, अंधारात झालेला असावा. स्वतःच्या लाइफजॅकेटमधले गॅसचे नळकांडे त्याने प्रवासापूर्वी हाताने घट्ट पिळून पाहावे, कारण वापरात ते सैल होते, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून नळकांड्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावे.

आपल्यासाठीही एक सूचना आहे. नौकेवरील आपत्कालीन संदेशयंत्राची नोंदणी करताना किनाऱ्यावरील संपर्कव्यक्ती द्यावी लागते. तेथे आपल्यापेक्षा इंग्लंडमधील, प्रवासाचा आराखडा हाती असलेल्या माणसाचे नाव असू द्यावे. शर्यत चालू असताना नौकांची जागा इंटरनेटवरील नकाशावर दिसते. एखाद्या रात्री तो ठिपका काही तास हलला नाही, तर वारा पडला असण्याची किंवा जागा कळवणाऱ्या यंत्राचा संदेश पोहोचला नसल्याची शक्यताच अधिक असते.