ओळखीचं कोणी दिसलं तर?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी नागपूरला मानेवाडा रोडला राहतो, वय ४१, प्रायव्हेट नोकरी आहे. आधी शनिवारी-रविवारी घ्यायचो, आता रोज लागते, सकाळी हात थरथरतात म्हणून ऑफिसला निघायच्या आधी पण थोडी घ्यावी लागून राहिली. यंदा तान्ह्या पोळ्याला पोरगी लाकडी नंदी सजवून बसली होती आणि मी घरात पडून होतो. बायकोनं जाहिरात पाहून दारू सोडवायची पावडर मागवली, जेवणात टाकायला, तो डबा मला सापडला अन् मोठं भांडण झालं. एक मित्र म्हणतो एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जा. पण तिथं ऑफिसचं नाही तर कॉलनीतलं कोणी भेटलं तर काय करू? अन् माझी अजून सुटलीच नाही, मग मला आत घेतील काय?

उत्तर: भाऊ, घेतील. तिथं यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा पाहिजे. सुटलेली पाहिजे असं कोणीच म्हणत नाही, फी नाही, फॉर्म नाही, आडनावसुद्धा विचारत नाहीत. फक्त मीटिंगच्या वेळी पिऊन जाऊ नका, ऐकलेलं डोक्यात राहणार नाही.

पण त्याच्या आधी एक काम करा, आणि हे मी अगदी हात जोडून सांगते. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय लागलेली आहे, अशा माणसानं जिद्दीनं एका दिवसात बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम होणं, नको ते दिसणं असं सुरू होऊ शकतं, यात जीवसुद्धा जातो. म्हणून मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार ओपीडीत जा, किती पिता ते खरं सांगा, ते औषधं देऊन सोडवतात, लागलं तर भरती करून घेतात. ती पावडर मात्र फेकून द्या. तिच्यात काय असतं कोणाला माहीत. आणि दारूची रिअ‍ॅक्शन येणारी जी खरी गोळी असते, डायसल्फिराम, ती माणसाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायची असते, चोरून दिली आणि वरून माणूस प्यायला तर बीपी एकदम पडू शकतं. वहिनींवर रागावू नका पण, बाई थकली की हाताला लागेल ते करते.

आता ओळखीच्या माणसाचं. समजा तुमच्या ऑफिसचा कोणी तिथं दिसला, तर तो तिथं कशाला आलाय? तुम्ही ज्यासाठी आलात त्यासाठीच ना. तुमचं गुपित त्याच्याकडे, त्याचं तुमच्याकडे, आणि तिथं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा तर त्यांचा मुख्य नियमच आहे. तरी धाकधूक वाटत असेल तर मानेवाड्यातला माणूस शहरात दुसरीकडे, सदरच्या बाजूला जाऊन बसला तरी चालतं, नाही तर आधी ऑनलाइन मीटिंग करा. आणि खरं सांगू का, कॉलनीला तुमचं पिणं माहीतच असतं हो, माहीत नसतं ते तुम्ही सोडायला धडपडताय हे.

शोधायचं असं: एएच्या भारतातल्या वेबसाइटवर माहिती मिळते, किंवा १४४४६ ही सरकारची टोल फ्री नशामुक्ती हेल्पलाइन आहे, तिथं विचारा. जायच्या आधी फोन करून पत्ता आणि वेळ पक्की करून घ्या, कारण मीटिंगा कुठं शाळेच्या खोलीत, कुठं चर्चच्या हॉलमध्ये भरतात आणि जागा बदलत राहतात. चर्चमध्ये असली तरी धर्माशी संबंध नाही बरं का. साधारण तास-दीड तास चालते, एकेक जण उठून नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आपलं सांगतो, मध्येच कोणी सल्ला देत नाही, टोकत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर फक्त ऐकतो म्हणा, झालं. खर्चासाठी पिशवी फिरते, नवीन माणसानं काही टाकलंच पाहिजे असं नाही.

या एएची सुरुवात कशी झाली ते माहीत असू द्या. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी आला होता, दारू सोडून काहीच महिने झालेले, काम फिसकटलं आणि हॉटेलात पुन्हा प्यावीशी वाटायला लागली. तर त्यानं फोनाफोनी करून दुसरा दारुडा शोधला, ते डॉक्टर बॉब, सर्जन होते. बिलनं त्यांना उपदेश नाही केला, आपलं काय झालं ते सांगत बसला, आणि सांगता सांगता तो स्वतः सावरला. पुढे डॉक्टरचीही सुटली. म्हणजे बोलणाऱ्याला ऐकणारा लागतोच. तुम्ही मागच्या खुर्चीवर गप्प बसलात तरी दहा वर्षं न प्यालेल्या माणसाच्या कामी येता, त्याला आपले जुने दिवस तुमच्यात दिसतात. उपकार घ्यायला चाललोय असं वाटून घेऊ नका म्हणून.

पहिली मीटिंग कंटाळवाणी वाटेल कदाचित, माणसं आपली वाटणार नाहीत. तेवढ्यावरून ठरवू नका, चार-पाच मीटिंगा करा, दुसरा ग्रुप पाहा, मग जिथं जीव रमेल तो धरा आणि तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला स्पॉन्सर व्हाल का विचारा, म्हणजे संध्याकाळी सातला तलफ आली की फोन करायला माणूस असतो. आणि वहिनींसाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप, त्यांचीही चौकशी त्याच फोनवर करून टाका. तुम्ही जा न जा, त्या एकट्याही जाऊ शकतात.