पाचवीचा वर्ग, तिसरीत थांबलेलं वाचन

प्रश्न : कोरोनामुळे बंद असलेली आमची जिल्हा परिषदेची शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. पाचवीत २८ मुलं. निम्म्यांना धड वाचता येत नाही. त्यात दसरा झाला की दहा-बारा घरं ऊसतोडीला जातील. पुस्तक कुठून सुरू करू? – एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : बाई, पुस्तक तूर्त बाजूला ठेवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा ही मुलं तिसरीत होती. ज्या घरात फोन नव्हता तिथलं मूल तिथेच थांबलं.

आधी एकेकाला जवळ बोलावून पाच मिनिटं वाचायला द्या. तीन दिवसांत वर्ग होतो. जोडाक्षरं नसलेला चार वाक्यांचा उतारा स्वतः लिहा. दुसरीचा धडा दिलात तर मुलं तो तोंडपाठ म्हणतात आणि वाचता येतं असं आपल्याला वाटतं. उतारा अडला तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं. सहज जमला तर दहा ओळींची गोष्ट.

मग रोज दीड तास त्या पातळीप्रमाणे गट. अक्षरांच्या गटाला मागे बसवून फळ्यावरचं उतरवायला लावलं जातं, तिथेच सगळं बिघडतं. तुम्ही बसायचं त्यांच्याजवळ. गोष्ट वाचणारी मुलं आपापली वाचतील. दर दहा दिवसांनी पुन्हा तपासा, पुढे गेलेल्याला त्याच दिवशी वरच्या गटात घ्या. नाहीतर गटाचा शिक्का बसतो. गणितातही तसंच, हातच्याची वजाबाकी दहा-दहा काड्यांच्या जुड्या सोडवूनच करून घ्या.

दसरा १५ तारखेला आहे, म्हणून ऊसतोडीच्या घरची मुलं सर्वांत आधी तपासा. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर मुलं मागे राहू शकतात; त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीकडून हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप बाहेर असताना मुलांची गावातच सोय करण्याचा, प्रस्ताव आताच पाठवा. कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, निघून गेल्यावर आलेली मंजुरी पोरांच्या कामाची नाही. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत ते दाखवून बसता येतं; सोबत वाचनाची पातळी लिहून द्या. कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा फोन तुमच्या वहीत हवा. पटावरून नाव मात्र काढू नका.

प्रश्न : फी थकल्याने मुलीची खासगी शाळा शाळा सोडल्याचा दाखला देत नाही. सातवीत जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं आहे. – एक पालक

उत्तर : दाखल्यासाठी थांबू नका, उद्याच मुलीला शाळेत घेऊन जा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार दाखला उशिरा मिळाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. थकलेली फी हा तुमचा आणि त्या शाळेचा वेगळा व्यवहार. मुलीचं वर्ष त्यात अडकता कामा नये. जुन्या शाळेत दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही. नवी शाळा टाळाटाळ करू लागली तर त्या पोचेची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.