शेजाऱ्यांच्या मुलांना सांभाळण्याचा शब्द दिला आहे; त्यासाठी कोणती तयारी करावी?

आपण लिहिले आहे की सॅन होजे येथे आपल्या शेजारी एक भारतीय कुटुंब राहते, आईवडिलांच्या व्हिसाची मुदत संपलेली आहे, नऊ आणि चार वर्षांची दोन्ही मुले अमेरिकेतच जन्मलेली आहेत, आणि आम्हा दोघांना एकाच दिवशी पकडले तर मुलांना तुम्ही सांभाळाल का, असे त्यांनी आपल्याला विचारले. आपण होकार दिला आहे आणि आता पुढे काय करावे हे विचारत आहात. मी वकील नाही. कॅलिफोर्नियातच राहतो आणि अशा कुटुंबांच्या वकिलांबरोबर होणाऱ्या बैठकांत काही वर्षे मराठी व हिंदी दुभाष्याचे काम करत आलो आहे. त्या बैठकांतून जे कळले ते सांगतो.

तोंडी होकार मुलांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, पण शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्या लेखी त्याला काहीही किंमत नाही. आईवडील एकदम नाहीसे झाले आणि मुलांना न्यायला अधिकार असलेले कोणीच आले नाही, तर काउंटीचे बालकल्याण खाते त्यांना आपल्या ताब्यात घेऊ शकते. १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार, एखादे मूल शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखभालीत राहिले, तर काही अपवाद वगळता राज्याला आईवडिलांचे हक्क संपुष्टात आणण्यासाठी अर्ज करावा लागतो. अटकेत असलेल्या किंवा परत पाठवलेल्या आईला तारखांना हजर राहणे किती कठीण असते, हे लक्षात घेतले म्हणजे मुले मुळातच त्या व्यवस्थेत जाऊ नयेत यासाठी आजच कागद तयार करणे का आवश्यक आहे ते ध्यानात येईल.

मात्र कागदाचा विषय काढताच बहुतेक आईवडील मागे सरतात, कारण सही केली म्हणजे मूल दुसऱ्याला देऊन टाकले असे त्यांना वाटते. एका बैठकीत एक आई पेन हातात धरून बराच वेळ नुसती बसून राहिली होती. म्हणून आपणच त्यांना आधी स्पष्ट सांगावे की हे दत्तकपत्र नाही. देखभालीचा किंवा उपचारांचा अधिकार लेखी दिल्याने आईवडिलांचा अधिकार कमी होत नाही आणि तो त्यांना केव्हाही मागे घेता येतो. न्यायालयाने पालक नेमला तर आईवडिलांचे निर्णयाधिकार सहसा तेवढ्या काळापुरते थांबतात, पण त्यांचे आईबाप असणे कायद्याने संपत नाही.

कॅलिफोर्नियात देखभाल करणाऱ्याने स्वतः भरून सही करायचे एक प्रतिज्ञापत्र असते, ज्याला न्यायालयाची मंजुरी लागत नाही आणि नोटरीचीही गरज नसते. मूल सही करणाऱ्याच्या घरी राहत असले पाहिजे, म्हणून ते आज सही करून ठेवायचे नाही. कोरा नमुना मात्र हाताशी असावा. आपले आणि मुलांचे रक्ताचे नाते नाही, ही येथे अडचणीची गोष्ट आहे. नातेवाइकाला या प्रतिज्ञापत्रावर मुलाला शाळेत घालता येते आणि सर्व प्रकारच्या उपचारांना संमती देता येते. परक्या व्यक्तीला शाळेतील प्रवेश आणि शाळेसाठी लागणारी लसीकरणासारखी वैद्यकीय मदत एवढ्यापुरताच अधिकार मिळतो. त्यामुळे मुलांच्या उपचारांना आपण संमती देऊ शकता, असे आईवडिलांनी सही केलेले स्वतंत्र पत्र आपल्याजवळ असलेच पाहिजे. त्यांचा काका, मामा, आत्या किंवा मावशी कोणी अमेरिकेत असेल, तर त्यांचेही नाव योजनेत जरूर घालावे. अटक लांबण्याची शक्यता दिसत असेल, तर न्यायालयाकडून रीतसर पालकत्व घेण्याचा मार्ग आहे आणि त्यासाठी आईवडिलांनी आपले नाव आधीच लेखी सुचवून ठेवलेले चांगले. हा भाग मात्र वकिलाकडूनच करून घ्यावा.

येथे आपल्या लोकांची एक हमखास चूक होते. भारतात नोटरी हा बहुधा वकीलच असतो, त्यामुळे येथेही नोटरीने शिक्का मारला म्हणजे कागद तपासून झाला, असा समज होतो. कॅलिफोर्नियातील नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवतो, त्यासाठी त्याला एका सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात, आणि मजकूर बरोबर आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. इमिग्रेशनचा सल्ला वकील किंवा केंद्रीय न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी यांच्याखेरीज कोणाकडूनही घेऊ देऊ नये.

शाळेचे काम सर्वांत सोपे असूनही तेच राहून जाते. मला माहीत असलेल्या एका कुटुंबात सर्व कागद घरी फाइलमध्ये होते, पण शाळेच्या आपत्कालीन कार्डावर मावशीचे नाव नव्हते आणि शाळेने तिच्याबरोबर मुलांना पाठवले नाही. शाळेचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. आपले नाव आणि फोन क्रमांक दोन्ही मुलांच्या कार्डांवर याच आठवड्यात घालून घ्यावे. आईवडिलांचा व्हिसा कोणता, हे तेथे सांगण्याचे कारण नाही.

पासपोर्टचा विचार मी फार महत्त्वाचा मानतो. आईवडिलांना परत पाठवले गेले आणि त्यांनी मुलांना भारतात बोलावून घ्यायचे ठरवले, तर अमेरिकन नागरिक असलेल्या या मुलांना अमेरिकन पासपोर्ट आणि त्यावर भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) लागेल. १६ वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडील दोघांनी हजर राहावे लागते किंवा गैरहजर असलेल्याने नोटरीसमोर सही केलेले संमतिपत्र द्यावे लागते, आणि ते संमतिपत्र तीनच महिने चालते. म्हणून संमतिपत्र जपून ठेवण्यापेक्षा दोघेही येथे असतानाच पासपोर्ट काढून घ्यावेत. बहुतेक विमान कंपन्या पाच वर्षांखालील मुलाला एकटे नेत नाहीत, त्यामुळे धाकट्याबरोबर कोण प्रवास करील तेही ठरवावे आणि त्या व्यक्तीच्या नावाने प्रवासाची संमती लिहून ठेवावी.

फाइलमध्ये जन्मदाखल्यांच्या प्रमाणित प्रती, लसीकरणाची नोंद, औषधे व ॲलर्जी यांची माहिती, विम्याचे तपशील आणि आईवडिलांच्या पासपोर्टांच्या प्रती असाव्यात. त्यांना इमिग्रेशनकडून ए नंबर मिळालेला असेल तर तोही लिहून घ्यावा. अटकेतील व्यक्ती कोठे ठेवली आहे हे आइस, म्हणजे इमिग्रेशनसंबंधी अटक करणारे केंद्रीय खाते, याच्या संकेतस्थळावर त्या नंबरावरून आणि जन्मदेशावरून शोधता येते. नावानेही शोधता येते, पण स्पेलिंग तंतोतंत जुळावे लागते, आणि आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याच्या पद्धतीमुळे ते अनेकदा जुळत नाही. अटक झालीच तर घरी लहान मुले आहेत हे अधिकाऱ्यांना लगेच सांगावे आणि भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी करावी. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी नागरिकाला तो हक्क आहे.

हे सर्व करण्यापूर्वी त्या पतिपत्नींना एकमेकांशी बोलू द्यावे, कारण मुले येथे राहावीत की त्यांच्यामागे भारतात जावीत, यावर दोघांचे मत एकच असते असे नाही. तो निर्णय त्यांचाच आहे. आपण फक्त तो लिहून घ्यावा. थोरल्याला आपला फोन क्रमांक पाठ असावा आणि शाळेतून कोण न्यायला येईल एवढे तरी ठाऊक असावे. धाकट्याला समजावून सांगण्याचा फारसा उपयोग नाही. त्याला आतापासूनच अधूनमधून एखादी रात्र आपल्या घरी झोपायला बोलवावे, म्हणजे घर ओळखीचे होईल आणि रात्री जाग आल्यावर तो काय मागतो हे आपल्यालाही कळेल.