शाळा सुटली, आता पुढे काय?

गेल्या अंकात लहान दिव्यांग मुलांच्या शाळाप्रवेशाबद्दल लिहिलं होतं आणि यावेळी पत्रं आली ती बरोब्बर दुसऱ्या टोकाची, म्हणजे ज्यांची शाळा संपत आलीये त्यांच्या घरून. माझा लेक सव्वीस वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे, त्यामुळे या पत्रांतले निम्मे प्रश्न मी स्वतः कधी ना कधी कुणाला तरी विचारलेले आहेत. चार पत्रं घेतलीयेत, नावं अर्थातच काढून.

प्रश्न: ताई नमस्कार, माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, ६० टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे. विशेष शाळेत जातो पण बाई म्हणाल्या १८ झाले की नाव काढावं लागेल. मिस्टर म्हणतात वेळ आली की बघू. मला रात्र रात्र झोप येत नाही. त्याला काय शिकवू, कुठे पाठवू?
एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, मिस्टरांना सांगा वेळ आलेलीच आहे, खरं तर दोन वर्षांपूर्वीच येऊन गेली. पण घाबरू नका, दोन वर्षं पुष्कळ असतात.

आधी माझीच चूक सांगते. लेक सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याचा वरणभात मी कालवून देत होते, बुटाच्या लेस मी बांधत होते, कारण सकाळी साडेसातची व्हॅन असायची आणि त्याला स्वतः करू दिलं की दहा मिनिटं जायची. एक दिवस त्याच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "याला काही शिकवायचं नाहीये हो, आधी तुमचे हात बांधायचेत." राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण खरं होतं ते.

तर सुरुवात घरातून, आणि एका वेळी एकच काम. आम्ही चहापासून केली. गंमत म्हणजे पहिल्यापासून नाही शिकवायचं, शेवटून शिकवायचं. पहिले पंधरा दिवस सगळा चहा मी करायचे आणि त्याने फक्त गाळायचा आणि कप बाबांपुढे नेऊन ठेवायचा, म्हणजे शाबासकी त्याला. मग त्याआधीची पायरी, दूध घालणं. मग साखर, चहा पावडर, आणि सगळ्यात शेवटी गॅस पेटवणं. चार महिने लागले. आता पाहुणे आले की तो विचारतच नाही, सरळ आधण ठेवतो, साखर मात्र अजूनही त्याच्या मापाने पडते, म्हणजे जास्तच.

पैशांचं पण असंच. हिशोब येत नाही म्हणून दुकानात पाठवायचं नाही हे बरोबर नाही. नुसत्या दहाच्या नोटा द्या आणि एवढंच शिकवा की दुकानदाराने जो आकडा सांगितला त्याच्यापेक्षा एक नोट जास्त द्यायची, बत्तीस म्हणाला तर चार नोटा, आणि सुट्टे परत येईपर्यंत काउंटरवरून हलायचं नाही. वजाबाकी यायलाच पाहिजे असं कुठेय? मोबाईल चालवणाऱ्या मुलांसाठी यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, आपल्याच खात्यातून घरच्या दुसऱ्या माणसाला ठरावीक मर्यादेत खर्च करता येतो आणि लिमिट आपल्या हातात राहतं.

आता कुठे पाठवायचं. विशेष शाळा १८ पर्यंत आणि पुढे कर्मशाळा, म्हणजे मोठ्या मुलांना काम शिकवणारी जागा, अशी आपल्याकडची पद्धत. मुंबईचं जय वकील तर १९४४ पासून काम करतंय, पुण्याची कामायनी, नाशिकची प्रबोधिनी, या जुन्या संस्थांमध्ये शाळेला लागून मोठ्या मुलांचं व्यवसाय प्रशिक्षणही आहे. तुमच्या जवळ जी कर्मशाळा असेल ती बघायला मुलाला घेऊन जा, पण दिवाळीच्या आधी जाऊ नका. तेव्हा सगळीकडे पणत्या, उटणं, आकाशकंदील यांची धूम असते आणि सगळं छान दिसतं. फेब्रुवारीत जा. ऑर्डर नसताना मुलं दिवसभर काय करतात ते बघा, नुसती बाकावर बसलेली असतील तर समजून जा. मुलांना मानधन किती मिळतं, आणि इथून बाहेर नोकरीला किती जण लागले, हे दोन प्रश्न न लाजता विचारा.

आणि कर्मशाळा नसेलच जवळपास तर ओळखीचा किराणावाला पकडा. खरंच सांगते. दिवसाला दोन तास, साखर अर्धा अर्धा किलो भरायची, इलेक्ट्रिक काट्यावर ५०० आलं की थांबायचं. माझा लेक एका नर्सरीत काळ्या पिशव्यांत माती भरतो. त्याला दहाच्या पुढे मोजता येत नाही, तर तिथल्या मावशींनीच युक्ती काढली, दहा पिशव्या झाल्या की एक खडा डब्यात टाकायचा, संध्याकाळी मावशी खडे मोजतात. कुठल्या थेरपिस्टला नाही सुचलं हे.

कागदाचं एकच लक्षात ठेवा, बौद्धिक दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट १८ झाल्यावर पुन्हा तपासणी करून घ्यावं लागतं, ते मग कायमचं मिळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तेही त्याप्रमाणे अपडेट करा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २५०० रुपये आहेत, उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे तहसीलला जायच्या आधी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा नाहीतर दोन खेपा होतात.

प्रश्न: नमस्कार. मुलगी पुढच्या महिन्यात १८ पूर्ण करतेय. सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरते, बोलणं अस्पष्ट आहे, बारावी कॉमर्सला आहे. बँकेत तिचं खातं मायनरमधून बदलायला गेलो तर म्हणाले आधी कोर्टातून गार्डियनशिप आणा, ती सही करू शकत नाही. कुठे अर्ज करू, किती दिवस लागतात?
एक वडील, ठाणे

उत्तर: दादा, अर्ज करायच्या आधी एक विचारते, तिला विचारलंत का? बारावी कॉमर्सची मुलगी आहे, डेबिट क्रेडिट तुमच्या माझ्यापेक्षा बरं कळत असेल तिला.

गार्डियनशिप लागते ती ज्यांना आपले निर्णय स्वतः घेताच येत नाहीत त्यांच्यासाठी. तेही कोर्टातच जावं लागतं असं नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती असते, कलेक्टर अध्यक्ष, एक संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती, ती समिती कायदेशीर पालक नेमते आणि बँकांनी ते प्रमाणपत्र चालवून घ्यायचं असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय. सांगलीच्या ताईंनी ही ओळ कापून ठेवा, तुम्हाला लागेल. कारण १८ पूर्ण झाले की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, कितीही विचित्र वाटलं तरी.

पण तुमच्या लेकीला पालक कशाला? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा स्पष्ट म्हणतो की दिव्यांग माणसाला इतरांसारखीच मालमत्ता बाळगता येते, आपला पैशांचा व्यवहार स्वतः करता येतो. सही जमत नाही तर अंगठा आहे, या देशात पिढ्यान् पिढ्या लोकांनी अंगठ्यावर खाती चालवलीत की! काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका, त्याला बहुतेक माहीतच नसतं. मॅनेजरला लेखी अर्ज द्या, नकार असेल तर तोही लेखी मागा. लेखी म्हटलं की पुष्कळदा काम होतं, माझा अनुभव आहे. आणि अर्ज तिच्या नावाने, तिच्या अंगठ्याने. तिला सोबत न्या, मॅनेजर तुमच्याकडे बघून बोलायला लागला की तुम्ही तिच्याकडे बघा. मी हे फार उशिरा शिकले, डॉक्टर मला विचारायचे "याला दुखतंय का" आणि मी उत्तर द्यायचे, शेजारी बसलेला हा एकदा म्हणाला "मला विचारा ना."

याच खेपेला पॅन काढा, मतदार यादीसाठी फॉर्म ६ भरा. कॉलेजचं बघताना ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. तरी प्रवेशाआधी तिला घेऊन कॉलेजचं टॉयलेट बघून या, रॅम्प सगळे दाखवतात, टॉयलेट कुणी दाखवत नाही. अख्खा दिवस पाणी न पिता काढणाऱ्या मुली मी बघितल्यात. तुम्ही स्वतः सरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग अपत्याचं नाव तुमच्या हयातीतच पेन्शनच्या कागदांत नोंदवून घ्या, मागे राहिलेल्यांना नंतर फार धावाधाव होते.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची, मतिमंद आहे, चार महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली. पॅड काढून टाकते, कुठेही. सासूबाई आणि नणंद म्हणतात पिशवी काढून टाका, कटकट जाईल आणि उद्या काही भलतंसलतं झालं तरी काळजी नको. डॉक्टर ओळखीचे आहेत. मन होत नाही पण थकले आहे.
एक आई, अहिल्यानगर

उत्तर: मन होत नाहीये ना, मग त्या मनाचं ऐका. तुम्ही थकलाय हे अगदी खरं, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

१९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या होत्या, कारण हेच दिलं होतं, स्वच्छता राखता येत नाही. केवढं रान उठलं होतं तेव्हा. आज तर कायद्यातच आहे, २०१६ च्या कायद्याचं कलम १०, दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल असा कुठलाही उपचार करता येत नाही. ओळखीचे डॉक्टर असले तरी. आणि नणंदबाईंना एक विचारा, पिशवी काढल्याने कुणाचा हात तिच्या अंगावर पडायचा थांबतो का? फक्त झालेलं कळत नाही, बस. त्याला काळजी मिटणं म्हणत नाहीत.

आता करायचं काय. पाळी नसलेल्या दिवसांत रोज अर्धा तास कोरडं पॅड लावून फिरू दे, ती टोचतं म्हणूनच काढत असणार, सवय व्हायला वेळ लागतो. चार निकरा वेगळ्या काढा, गडद रंगाच्या, आतून मार्करने पॅडच्या आकाराची रेघ मारा, रेघेवर पॅड बसलं की बरोबर. बदलायच्या वेळा घड्याळाला बांधा, उठल्यावर, जेवल्यावर, झोपताना, "भरलं की बदल" तिला कळणार नाही. कॅलेंडरवर त्या दिवसांना लाल टिकली तिच्याच हाताने लावून घ्या. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात, हे सगळं तुम्ही स्वतःचं करताना एकदा तिला दाखवा, लाज बाजूला ठेवून, बोलून सांगितलेलं राहत नाही, बघितलेलं राहतं. सहा महिने धरून चाला. रक्तस्राव फारच होत असेल किंवा पोटात दुखून लोळत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, त्याला औषधं असतात.

सोबतच अंगाची भाषा शिकवा. दार लावून कपडे बदलायचे, अगदी घरात कुणी नसलं तरी. आंघोळ घालताना "आता पाठ घासू?" असं विचारा आणि ती नको म्हणाली तर खरंच थांबा, नाहीतर तिचा नकार कुणी ऐकतो हे तिला कधी कळणारच नाही. शरीराच्या अवयवांची खरी नावं शिकवा, उद्या काही सांगायचं झालं तर शब्द तरी हवेत.

प्रश्न: मी १७ वर्षांचा आहे, मला खूप कमी दिसतं, ८० टक्के दिव्यांगत्व आहे. दहावीला ७४ टक्के पडले. कॉलेज कोल्हापुरात, घर तालुक्याच्या गावी, एसटीने पाऊण तास. बाबा रोज सोडतात आणतात, त्यांची अर्धी शेती बुडते. मी एकटा जाऊ शकतो पण आई स्टँडपर्यंतही सोडत नाही. पांढरी काठी माळ्यावर आहे. तुम्ही आईला सांगा.

उत्तर: सांगते, पण आधी तुला. काठी माळ्यावरून कुणी काढायची? आईने ठेवली की तू लाजून? मित्रांसमोर काठी नको वाटते हे मला माहितीये. पण तुला कमी दिसतं हे रिक्षावाल्याला कळण्याचा तोच एक मार्ग आहे. काठी कशी चालवायची याचंही रीतसर शिक्षण असतं, मोबिलिटी ट्रेनिंग म्हणतात, नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे चौकशी कर. फोनवर टॉकबॅक शिक, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं ते. साध्या एसटीत तुला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि तुझं प्रमाण ६५ च्या वर असल्याने सोबत्यालाही अर्धं तिकीट लागतं, म्हणजे सुरुवातीला आईबाबांपैकी कुणी बरोबर आलं तरी परवडेल.

आता आईसाठी. वहिनी, एकदम सोडू नका, टप्प्याटप्प्याने सोडा. पहिला आठवडा शेजारी बसा पण एक शब्द बोलू नका, तिकीट तो काढेल, स्टॉप तो विचारेल. दुसऱ्या आठवड्यात दोन सीट मागे. मग फक्त स्टँडपर्यंत, आणि पोचला की त्याचा फोन. चुकून पुढच्या स्टॉपला उतरला तर उतरू दे, परत कसं यायचं हे त्याशिवाय शिकणार कसा. गाडी बंद पडली, पाऊस आला, फोनची बॅटरी संपली, तर काय करायचं हे घरात आधी बोलून ठेवा.

आमचा लेक पहिल्यांदा एकटा सिटी बसने नर्सरीत गेला तेव्हा ह्यांनी हेल्मेट घालून स्कूटरवर अख्खी बस फॉलो केली, त्याला कळू नये म्हणून दोन गाड्या सोडून, आणि दिवसभर काही बोललेही नाहीत. संध्याकाळी लेक घरी आला, डबा सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाला, "बाबा, तू सिग्नल तोडलास."